एक नदी, तीन इयत्ता

माझं सासर सातारचं, माहेर सांगलीचं. मुलं तीन: थोरली अकराची, मधला आठचा, धाकटी सहाची. तिघंही घरीच शिकतात. ‘एकटी कसं निभावतेस गं?’ असं विचारणाऱ्यांत कौतुकवाले थोडे, काळजीवाले फार. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. गणित आणि वाचन ज्याचं त्याचं. तिघांना एकत्र बसवलं की थोरली उत्तर सांगून मोकळी होते आणि मधला तोंड फुगवतो. सकाळी एकेकाला जवळ घ्यावं, बाकीच्यांना कामाला लावावं. अर्धा तास नीट मिळाला तरी पुष्कळ होतं.

२. इतिहास, भूगोल, विज्ञान मात्र एकत्रच. ठिकाण एक, कामं तीन. लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. नाव बारा मोटांचं, पण मोटा लावायच्या जागा धाकटीनं बोट लावून मोजल्या तर पंधरा! मधल्याच्या वाट्याला शिलालेखातली सालं: शके १६४१ ते १६४६. त्यात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४. थोरलीनं अष्टकोनी विहिरीचा नकाशा काढला. मोट ओढताना बैल उताराकडे का चालवतात, यावर मात्र तिघांचं भांडण झालं. मी मध्ये पडले नाही.

३. पावसाळ्यात पेपर रद्दीत टाकू नये. कोयनेत पाणी किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक, सांगलीच्या आयर्विन पुलाशी पातळी किती फूट, हे आकडे रोज छापून येतात. आम्ही भिंतीवर त्यांचा आलेख लावतो. ४० फुटांवर इशाऱ्याची निळी रेघ, ४५ वर धोक्याची लाल. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, तो ठिपका कागदाबाहेर जातो म्हणून थोरलीनं वर दुसरा कागद चिकटवला. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे ते पाणी सांगलीत येतं, हे मुलांना नकाशा न बघताही ठाऊक आहे. कारण पाणी वाढलं की सांगलीहून आजोबांचा फोन येतो.

४. जिथं जाल तिथल्या जाणत्या माणसाला बोलतं करा. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, मग दोरीनं कंदील सोडतात. तो विझला तर आत प्राणवायू नाही. कोंडलेल्या ज्या हवेत माणूस गुदमरेल, त्याच हवेत हळदीला कीडही लागत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या हमालमामांनी सांगितलं तेव्हा मधल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. घरी आल्यावर पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून झाला. ‘मग आता पेवं कमी का?’ हा थोरलीचा प्रश्न. २००५ च्या महापुरात बरीच पेवं बुडाली आणि हळद गोदामांकडे, कोल्ड स्टोरेजकडे वळली. म्हणजे फिरून पुन्हा तिसऱ्या मुद्द्याचा आलेख.

५. कासला शनिवार-रविवारी जाऊ नये. मधल्या वारी गेलं तर सीतेची आसवं गुडघे टेकून बघता येतात. कातळावरच्या पातळ, निकस मातीत पोषण मिळत नाही म्हणून हे नाजूक जांभळं फूल येणारी वनस्पती किडे खाते. धाकटीला ते मुळीच आवडलं नाही.

६. कागदपत्रं आधी बघून ठेवा. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी, दहावी, बारावी आहे, दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्मही आहे. वयाच्या अटी नीट वाचाव्यात. पाहुण्यांना हेच हवं असतं. परीक्षेचं नाव काढलं की ते निवांत चहा पितात.

७. सहली एसटीनंच. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धं. म्हणजे आम्ही चौघं दोन तिकिटांत सांगलीला जातो. बाबा सोबत निघाले की तिसरं तिकीट पडतं. हा हिशेब मधल्यानं त्यांना न विचारता ऐकवला आहे.