तोंडी भाडेकरार आणि पंधरा दिवसांची नोटीस



आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. पासबुक भरून घ्यायला आलेली माणसे कधी कधी भलताच कागद पुढे करतात. एका मावशींनी असाच कागद दाखविला. शहरात दोन खोल्यांत अकरा वर्षे भाड्याने राहतात. करार कधी लिहिलाच नव्हता. आता घरमालकाने वकिलामार्फत पंधरा दिवसांत जागा खाली करण्यास कळविले होते. मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर, आणि मावशींनी भांडी पोत्यात भरायला घेतलेली!

हे पंधरा दिवस १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधून आले आहेत. करार नसल्यास राहत्या घराची भाडेदारी महिन्या-महिन्याची समजली जाते व ती संपविण्यास पंधरा दिवसांची नोटीस लागते. नोटीस लेखी आणि सहीची हवी. जिन्यात उभे राहून दिलेला दम म्हणजे नोटीस नव्हे. पूर्वी ही मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीसच संपावी लागे. तारखेची चूक झाली की दावा कोसळे. २००२ च्या दुरुस्तीपासून नोटीस मिळाल्या दिवसापासून मुदत मोजतात.

परंतु मुदत संपली म्हणजे घर सुटले असे नाही. ज्या शहरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे (अंमल ३१ मार्च २००० पासून), तेथे भाडे नियमित देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूला कायद्यातील कारण न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही. मालकाची स्वतःची खरी गरज, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणे, ही त्यांपैकी काही कारणे. भाडे थकले तरी लेखी मागणीनंतर नव्वद दिवस जावे लागतात, मगच दावा. समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरल्यास थकबाकीसाठी जागा जात नाही. (गंमत अशी की बँकांनी भाड्याने घेतलेल्या जागांना हे संरक्षण नाही. आमच्या शाखेपेक्षा मावशींची बाजू भक्कम!)

विद्यार्थ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. लीव्ह-लायसन्सने घेतलेल्या खोलीला हे संरक्षण नाही. मुदत संपली की ती सोडावीच लागते.

करार लिहून नोंदविण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, मात्र उलट सिद्ध होईपर्यंतच. मावशींची अडचण नेमकी येथे होती. अकरा वर्षे भाडे रोखीने दिले, पावती एकही नाही. मालकाने पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे, पण मागायला भीड वाटली, असे त्या म्हणाल्या.

आम्ही त्याच दिवशी चालू महिन्याचे भाडे मालकाच्या खात्यात भरायला लावले व काउंटरफॉईल जपून ठेवायला सांगितले. नोटिशीचे उत्तर तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाने लिहून दिले, तेही विनामूल्य. स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत मिळण्यास उत्पन्नाची अट नाही. उत्तर रजिस्टर पोस्टाने गेले. मालकाने अजून दावा लावलेला नाही. मुलगा बारावीची परीक्षा त्याच खोलीत अभ्यास करून देऊन आला.

आणि भाडेकरूला स्वतःहून जागा सोडायची असेल, तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस त्यानेही द्यायची असते. नाहीतर अनामत परत मागताना तेवढ्यावरूनच वाद निघतो.