जुन्या मारुती ८०० ला रेसिंग कॅमशाफ्ट बसविताना

आपले अनेक बांधव गॅरेजच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे अधूनमधून एखादा हौशी तरुण जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, हिला रेसिंग कॅम टाका." काम चांगल्या मजुरीचे आहे, पण अर्धवट माहितीवर हाती घेतले तर गिऱ्हाइकाचे इंजिन जाते आणि दुकानाचे नावही. म्हणून या कामाची थोडी सविस्तर माहिती येथे देत आहोत.

या गाडीचे उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. कॅमशाफ्ट हेडमध्येच असून तो टायमिंग बेल्टवर चालतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन ५,५०० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ ४६ वेळा उघडतो. इतक्या थोड्या वेळात सिलिंडर पुरता भरत नाही. रेसिंग कॅमचा लोब व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो, त्यामुळे वरच्या आरपीएमला मिश्रण अधिक जाते व ताकद वाढते.

मात्र ही ताकद फुकट मिळत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. त्यामुळे खालच्या आरपीएमला पिकअप कमी होतो, आयडलिंग डगमगते आणि पेट्रोल जास्त लागते. आयडलिंगला सायलेन्सरमधून जाणारा धूर पीयूसीमध्ये अडकू शकतो. भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. जो माणूस चार माणसे बसवून घाट चढतो त्याला हा कॅम तोट्याचाच. हे त्याला मजुरी ठरविण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये ही आपल्या दीनची शिकवण धान्याच्या ढिगालाच नव्हे, गॅरेजलाही लागू आहे.

प्रथम कॉम्प्रेशन तपासा. पुष्कळदा पिकअप गेलेला असतो तो रिंगा झिजल्यामुळे, आणि गिऱ्हाईक कॅम मागत असते. अशा इंजिनात नवा कॅम घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घेताना हा शाफ्ट नवा आहे की जुनाच पुन्हा ग्राइंड केलेला, ते विचारून बिलावर लिहून घ्यावे. ग्राइंड केलेल्या शाफ्टमध्ये लोबचा खालचा गोल भाग घासून लहान केलेला असतो. तो चालतो, पण टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर येतो, रॉकरचा कोन बदलतो, आणि कडक थर निघून गेला असेल तर लोब लवकर झिजतो. ग्राइंड केलेला माल ग्राइंड केलेला म्हणूनच विकावा.

डिस्ट्रिब्युटर याच शाफ्टवरून फिरतो. तो काढण्यापूर्वी रोटरची खूण करून ठेवा. नव्या कॅमवर जुने रॉकर कधीही लावू नका, कारण झिजलेली जुनी टाच नवा लोब खाऊन टाकते. स्प्रिंगाही तपासा. व्हॉल्व्ह पूर्ण दाबला असता स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत मिळून निदान १ मिमी जागा उरली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि नेमकी हीच घाईत टाळली जाते. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती पिस्टनच्या डोक्यावर ठेवा, व्हॉल्व्हला तेल लावा, जुन्याच गॅस्केटवर हेड कसून बसवा. टॅपेट लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडकले तर जोर लावू नका. हेड काढून माती कापा आणि जाडी मोजा. इनटेककडे निदान १.५ मिमी व एक्झॉस्टकडे २ मिमी हवे. एक्झॉस्टकडे जास्त, कारण वेगात स्प्रिंग मागे पडली तर वर येणारा पिस्टन त्याच व्हॉल्व्हला गाठतो.

ही तपासणी न करता व्हॉल्व्ह वाकले तर भरपाई कोणाची? अनेक गिऱ्हाइकांची कामे घेणाऱ्या कारागिराला फिक्हमध्ये अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. हनफी फकीहांच्या मते त्याच्या स्वतःच्या हातच्या कामाने वस्तू बिघडली तर तो जबाबदार ठरतो. कापड आपटताना फाडणाऱ्या धोब्याचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेव्हा या एका तासाची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहा, पण तपासणी सोडू नका.

टायमिंग केवळ खुणेवर सोडू नये. पुलीला समजा ४० दात असतील, तर एक दात चुकणे म्हणजे क्रँकचे १८ अंश. क्रँकला अंशांची चकती आणि व्हॉल्व्हवर डायल गेज लावून, इनटेक सर्वाधिक केव्हा उचलला जातो ते पाहा व कॅमसोबतच्या कार्डाशी जुळवा. थोडा फरक राहिला तर सरकणारी पुली लागते. टॅपेटचे अंतरही जुन्या सवयीने नव्हे, कार्डाप्रमाणे ठेवा.

लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर २० मिनिटे इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलिंगला सोडू नका. खालच्या आरपीएमला लोबवर तेल कमी उडते आणि नवा कॅम पहिल्या काही मिनिटांतच खराब होतो. मग इग्निशन टायमिंग व कार्बोरेटरचे जेट जुळवावेत. आयडलिंग १,००० च्या वर ठेवावे लागेल.

गिऱ्हाइकाला ५०० किलोमीटरनंतर परत बोलवा, ऑइल बदला, टॅपेट पुन्हा तपासा. आणि काढलेला मूळ शाफ्ट भंगारात घालू नका. तो त्याचा माल आहे. तेल लावून, कागदात गुंडाळून त्याच्या हवाली करा. गाडी विकताना त्याला तो पुन्हा बसवावा लागेल.