काय सोडावे, काय जपावे

आमच्या वसतिगृहात प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी पत्र्याची एक पेटी घेऊन येतो. जून महिन्यात ती अर्धी रिकामी असते. दिवाळीची सुट्टी जवळ येईपर्यंत तिचे झाकण लागेनासे होते. रविवारी वंदनेनंतर आम्ही पेट्या उघडावयास लावतो. संपलेली बॉलपेने, जोडी हरवलेले मोजे, तुटका कंपास, रिकाम्या डब्या असे सारे वर नीट रचलेले असते आणि तळाशी, चार घड्या पडून चुरगळलेले, मागील वर्षाचे गुणपत्रक सापडते. नको ते जपलेले आणि हवे ते दुर्लक्षिलेले! मोठ्यांच्या घरांतील कपाटेही याहून फार निराळी नसतात, हे पालकांच्या भेटींतून आम्हांस कळून आले आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या साध्या विषयाचा थोडा विचार करावा असे वाटते.

वस्तूंविषयी

तथागतांच्या संघात भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठ मानल्या जातात: तीन चीवरे, भिक्षापात्र, कायबंधन, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे गाळणे. यांतील सुईकडे आम्ही विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. कमी वस्तू बाळगणाऱ्यास त्या दुरुस्त करता आल्या पाहिजेत, हा तिचा अर्थ.

चुल्लवग्गात कौशांबीचा एक प्रसंग आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण करणार तरी काय, व्यापार मांडणार की काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे विरली आहेत अशा भिक्खूंना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे-आच्छादने होतील. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरील अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि शेवटी ती फडकी चिखलात कुटून त्याने जमीन सारवली जाईल. राजाची शंका फिटली आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा क्रम आपल्या आज्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणे आणि अखेर पोतेरे. मात्र त्यांच्या साठवणीमागे अभाव होता. उद्या मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसाने सुतळीचा तुकडाही ठेवून द्यावा, हे साहजिकच होते. आज परिस्थिती पालटली, पण ती भीती हातातून गेलेली नाही. म्हणून जुन्या पिढीच्या साठवणीला हसू नये, तिच्याशी बोलावे. वस्तू टाकण्याऐवजी वापरणाऱ्याच्या हाती द्यावी. दप्तर, गणवेश, पुस्तके वेळीच दिली तर ते दान होते. कुजवून दिली तर तो कचरा होतो.

कागदांविषयी

वस्तूंचा नियम कागदांना लावता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी मोठ्या काळजीत शाळेत आला. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी त्याला जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. आजोबांचा शाळेचा जुना दाखला घरात होता. भीमजयंतीपूर्वीच्या रंगरंगोटीत तो रद्दीबरोबर गेला. कोणी मुद्दाम टाकला नव्हता. तथापि त्या कागदावर जातीच्या रकान्यात जो शब्द होता तो घरात कोणालाच नकोसा होता, म्हणून तो नीट जपलाही गेला नव्हता. अखेर गावच्या शाळेच्या जुन्या नोंदवहीतून उतारा मिळाला. पण त्यासाठी वडिलांची कित्येक दिवसांची मजुरी बुडाली.

ही भावना आम्ही समजू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे मागे टाकले, त्याचा कागद पेटीत का ठेवावा? परंतु अनुसूचित जातींच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्यांना विशेष महत्त्व असते, आणि त्या काळच्या नोंदीत आपण ‘बौद्ध’ असणे शक्यच नाही. धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. तो जुना दाखला अन्यायाची नोंद आहे, तसाच हक्काचा पुरावाही आहे. शिवाय कित्येक घरांत तो शाळेची पायरी चढलेल्या पहिल्या माणसाची खूण आहे. आपण जात टाकली. तो कागद टाकू नये.

बाबासाहेबांचे कितीतरी लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. ते हस्तलिखित कागद टिकले, म्हणूनच महाराष्ट्र शासनाला १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ते खंडरूपाने छापता आले. कागद जपणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण आमच्यापाशी नाही.

आवरण्याची रीत

घरातील सर्व कागद एका दिवशी एका सतरंजीवर आणावेत आणि त्यांचे चार भाग करावेत.

पहिला भाग कायमचा: जन्म व मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रके, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, विवाह नोंदणी, खरेदीखत, फेरफार.

दुसरा मुदतीचा: उत्पन्नाचा दाखला, विमा, बँकेच्या ठेवी. यांवर मुदत संपण्याची तारीख पेन्सिलीने ठळक लिहावी.

तिसरा तात्पुरता: विजेची बिले, पावत्या. गरज संपली की काढून टाकाव्यात.

चौथा रद्दीचा. मात्र आधार वा पॅनची झेरॉक्स अखंड टाकू नये, फाडून टाकावी.

मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करू नये, कारण पुढे शिक्का व कागद तपासण्यास अडचण येते. ओल धरणाऱ्या भिंतीपासून फाइल दूर ठेवावी आणि पावसाळ्यानंतर एकदा वाळवी पाहावी. डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाने दिलेला दाखला ग्राह्य असतो. आपण स्वतः काढून ठेवलेले छायाचित्र ही केवळ प्रत होय. सर्व दाखले शेजारी ठेवून नावाचे अक्षरलेखन व जन्मतारीख ताडून पाहावी. फरक आढळल्यास मुलगा शाळेत असतानाच आम्हांस कळवावे. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते.

आणखी एक गोष्ट. फाइल कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक घरची स्त्री असावी. कर्ता पुरुष अकस्मात गेल्यावर कागदांसाठी दारोदार फिरणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, या रविवारी आपापल्या घरची पेटी उघडावी. जे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल ते देऊन टाकावे आणि आजोबांचा दाखला तळातून काढून सरळ करून ठेवावा. तो पिवळा पडला असेल, कडा झिजल्या असतील. पण त्याच्या आधारे आपल्या घरातील पुढचे मूल एखाद्या महाविद्यालयाच्या दारातून आत जाणार आहे.