पाठ १२ : वाफसा आला का?

वाचण्यापूर्वी

लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात, एका अलॉटमेंटवर हा संवाद घडतो. मे महिन्यातला दुसरा शनिवार आहे, संध्याकाळचे सहा वाजले आहेत. आजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आली होती. येत्या मंगळवारी तिचं विमान आहे. नातीने घरी खिडकीत भोपळा, टोमॅटो आणि घेवडा यांची रोपं वाढवली आहेत. ती आजीच्या हातूनच लावायची, असं तिने ठरवलं आहे. आदल्या रात्रीपासून दुपारपर्यंत पाऊस पडत होता. शेजारच्या प्लॉटवरच्या काकूही मराठीच आहेत.

संवाद दोनदा वाचा. दुसऱ्यांदा मोठ्याने.

संवाद

काकू : काय आजी, आज उशीर केलात?

आजी : अहो, सकाळपासून पाऊस उघडायची वाट बघत होतो. आत्ता कुठे ऊन पडलं. तुमचं काय चाललंय?

काकू : गवत, दुसरं काय! गेल्या रविवारी काढलं, आज पुन्हा वीतभर. आणि रात्री गोगलगायींनी मेथीचा फडशा पाडला. एक पान ठेवलं नाही.

आजी : कडेने राख टाकून बघा.

काकू : टाकली हो. पावसात वाहून गेली.

नात : आजी, चल ना! मी खड्डे करते, तू रोपं लाव. सगळी आणलीत मी.

आजी : थांब गं. आधी माती बघू. (वाकून चार बोटं खोल माती उकरते आणि नातीच्या हातात देते.) दाब मुठीत. काय झालं?

नात : लाडू झाला.

आजी : आता सोड खाली.

नात : पडला… पण फुटला नाही.

आजी : म्हणजे वाफसा नाही.

नात : वाफसा म्हणजे?

आजी : माती ओली पाहिजे, पण चिखल नको. जास्तीचं पाणी खाली गेलं, मातीत हवा खेळायला लागली, की वाफसा आला म्हणायचं. आज खणलंस तर ढेकळं निघतील. वाळली की विटा.

काकू : बरोबर आहे त्यांचं. इथली माती फार चिकण आहे गं.

नात : पण आजी, तू मंगळवारी जाणार! आज नाही तर कधी?

आजी : (आभाळाकडे बघत) आणि रात्र कशी येतेय ते बघितलंस का? ढग गेले. वारा पण पडलाय. आमच्याकडे जानेवारीत अशी रात्र आली की द्राक्षवाले झोपत नाहीत.

नात : जानेवारीत! आता मे आहे.

काकू : मे असला म्हणून काय झालं? फोनवर बघ.

नात : (बघते) पहाटे… एक डिग्री.

काकू : मग जमिनीलगत शून्यच धर. सकाळपर्यंत भोपळा काळा पडेल.

आजी : रोपं घरी ने. खिडकीत ठेव.

नात : मग तू काय लावणार?

आजी : मीच लावायला हवं असं कुठंय? मूठ दाबून बघायची कशी ते तुला कळलं. थंडी गेली की लाव. मला फोटो पाठव.

(नात काही बोलत नाही. रोपांचा ट्रे उचलते.)

काकू : आजी, चहा घेता का? आल्याचा आहे, थर्मासमध्ये.

आजी : द्या अर्धा कप. तोवर तुमच्या कडेचं गवत काढते. माती ओली आहे तर मुळासकट येईल.

वाफसा

हा शब्द शहरातल्या बऱ्याच मराठी लोकांनाही माहीत नसतो. शेतकऱ्यांच्या बोलण्यात मात्र तो रोज येतो : ‘वाफसा नाही म्हणून पेरणी थांबलीय’, ‘वाफसा आला, उद्या कोळपणी करू’. ज्या गोष्टीसाठी दुसरीकडे अख्खं वाक्य लागेल, ती इथे एका शब्दात बसते. आमच्या मते हा पाठ एवढ्या एका शब्दासाठी वाचला तरी चालेल.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. लंडनच्या बऱ्याच भागाखालची चिकणमातीही अशीच फुगते आणि आकसते. कोरड्या उन्हाळ्यात ती आकसली की तिथल्या काही घरांच्या भिंतींना तडे जातात. म्हणून निफाडच्या आजीचा हात हॅरोच्या मातीतही चुकत नाही.

परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. गोळा तसाच राहिला तर माती फार ओली आहे. गोळा झालाच नाही तर ती कोरडी आहे. गोळा झाला आणि पडल्यावर भुगा झाला, तर वाफसा आहे : फावडं घ्या.

द्राक्षवाले का झोपत नाहीत?

ढग रात्री गोधडीसारखे असतात, जमिनीची ऊब धरून ठेवतात. आभाळ निरभ्र असेल तर ती ऊब वर निघून जाते. त्यात वारा पडलेला असेल तर गार हवा जमिनीलगत साठून राहते. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या बागा खूप आहेत आणि हिवाळ्यात तिथला पारा महाराष्ट्रातल्या इतर बऱ्याच ठिकाणांपेक्षा खाली जातो. अशा रात्री शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, बागेला पाणी देतात. दव गोठलं तर कोवळी पानं आणि मणी खराब होतात. मराठीत अशा वेळी ‘थंडीने बाग करपली’ असंही म्हणतात. करपतं ते आगीने, हे खरं, पण थंडीने काळं पडलेलं पान पाहिलंत की हा शब्द पटतो.

पडणे : एक फसवं क्रियापद

पाऊस पडतो, बर्फ पडतो, दव पडतं, थंडी पडते, ऊनही पडतं. या सगळ्यांत ‘पडणे’ म्हणजे ती गोष्ट आली. पण ‘वारा पडला’ म्हणजे वारा थांबला! वारा आला असेल तर ‘वारा सुटला’ म्हणायचं. तसंच ‘पाऊस उघडला’ म्हणजे तो सुरू झाला नाही, थांबला. दोन सरींच्या मधल्या कोरड्या वेळाला ‘उघडीप’ म्हणतात. इंग्लंडमधल्या बागवाल्यांची निम्मी कामं उघडीप बघूनच होतात.

आणि थंडी माणसाला ‘वाजते’ : ‘मला थंडी वाजतेय’. रोपाला मात्र थंडी ‘वाजत’ नाही, ‘लागते’.

अहो आणि अगं

नात आजीला ‘तू’ म्हणते. घरच्या आजीला बहुतेक मुलं ‘तू’च म्हणतात, त्यात अपमान नाही. काकू त्याच आजीला ‘उशीर केलात’, ‘चहा घेता का’ असं विचारतात, कारण आजी वयाने मोठ्या आणि घरच्या नाहीत. आजीही काकूंना ‘अहो’ म्हणते. काकू वयाने लहान असल्या तरी!

रॉड आणि गुंठा

इंग्लंडमध्ये अलॉटमेंट अजूनही रॉडमध्ये मोजतात. पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. आजी जमीन गुंठ्यांत मोजते. एका एकरात 40 गुंठे आणि 160 रॉड, म्हणजे एक गुंठा बरोबर 4 रॉडचा. आता सांगा, 5 रॉडचा अर्धा प्लॉट आजीच्या भाषेत किती गुंठ्यांचा? (उत्तर ‘सव्वा’ या शब्दाने द्या.)

नातीच्या वहीतली नोंद

संवाद बोलीत आहे. नोंद लेखी भाषेत आहे. फरक बघा.

‘रविवार. पहाटे गवतावर पांढरे दव गोठले होते. काकूंनी बटाट्याच्या कोंबांवर रात्रीच जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती, त्यामुळे ते वाचले. पलीकडच्या प्लॉटवरची भोपळ्याची रोपे काळी पडली आहेत. आमची सर्व रोपे खिडकीत सुरक्षित आहेत. आजीने काकूंना लसूण निवडून दिला. माती अजून ओली आहे.’

सराव

१. नोंदीतली ही रूपं बोलीत लिहा : काळी पडली आहेत, वर्तमानपत्रे, सर्व रोपे, गोठले होते.

२. चूक की बरोबर? ‘वारा पडला, त्यामुळे छत्री उलटी झाली.’ चूक असेल तर वाक्य दुरुस्त करा.

३. तुमच्या अंगणातली, कुंडीतली किंवा शाळेजवळच्या बागेतली माती मुठीत दाबून बघा. काय झालं ते तीन वाक्यांत लिहा. आखाती देशांत राहणाऱ्यांनी कुंडीला पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं.

४. मे संपत आला आहे. नात आजीला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवते. तो तुम्ही पूर्ण करा आणि स्वतःच्या आवाजात नोंदवा : ‘आजी, काल दोन दिवसांनी पाऊस उघडला. आज सकाळी मी मूठ दाबून बघितली, आणि…’