गोठ्यापासून संसदेपर्यंत : जॉन मॅकयुएन
(नागरिकशास्त्र व भूगोल यांच्या अध्यापनास पूरक पाठ)

लोकशाहीत राज्यकारभार करणारी माणसे कोठून येतात, हा प्रश्न मुलांना व्याख्येने समजावण्यापेक्षा चरित्राने समजावणे सोपे असते. ऑस्ट्रेलियातील जॉन मॅकयुएन यांचे चरित्र यासाठी विशेष उपयोगी आहे.

मॅकयुएन यांचा जन्म २९ मार्च १९०० रोजी व्हिक्टोरिया राज्यातील चिल्टर्न या गावी झाला. आई त्यांच्या अगदी बालपणी वारली. सातव्या वर्षी पितृछत्रही हरपले. आजीने त्यांचा सांभाळ केला. तेराव्या वर्षी शाळा सोडून त्यांना नोकरी धरावी लागली. तथापि शाळा सुटली तरी अभ्यास सुटला नाही. रात्रीच्या वर्गात शिकून ते सरकारी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१८ मध्ये ते सैन्यात दाखल झाले; परंतु परदेशी रवाना होण्यापूर्वीच महायुद्ध संपले.

सैनिकांना शेतीसाठी जमिनी देण्याच्या योजनेत त्यांना स्टॅनहोप येथे ८६ एकर जमीन मिळाली. कालव्याच्या पाण्यावर चारा पिकवावा, गाई पाळाव्या आणि दूध विकावे, असा तेथील व्यवसाय होता. हाती भांडवल नव्हते. म्हणून मेलबर्नच्या बंदरात मजुरी करून त्यांनी पैसा जमविला. कष्टाने शेती वाढली आणि शेजारच्या सैनिक-शेतकऱ्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले.

दूध हा नाशवंत माल. एकट्या शेतकऱ्याला भावासाठी अडून बसता येत नाही. तसेच कालव्याचे पाणीही एकट्याच्या मागणीने मिळत नाही. म्हणून मॅकयुएन पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाचे चिटणीस आणि स्टॅनहोपच्या सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष झाले. राज्यकारभाराचे पहिले धडे त्यांना येथेच मिळाले.

१९३४ मध्ये ते राष्ट्रीय संसदेवर निवडून आले. १९४९ पासून १९७१ पर्यंत व्यापाराचे खाते त्यांच्याकडे होते. ऑस्ट्रेलियाचा शेतमाल तोवर मुख्यतः ब्रिटनच्या बाजारावर अवलंबून असे. ही परावलंबी स्थिती धोक्याची आहे, हे त्यांनी ओळखले. युद्धातील वैराच्या आठवणी ताज्या असतानाही त्यांनी १९५७ मध्ये जपानशी व्यापारी करार केला. पुढील दहा वर्षांत जपान हा ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा ग्राहक बनला. पंतप्रधान हॅरल्ड होल्ट समुद्रात बेपत्ता झाल्यावर १९ डिसेंबर १९६७ ते १० जानेवारी १९६८ या काळात मॅकयुएन यांनी पंतप्रधानपद सांभाळले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या धोरणावर टीकाही झाली. देशी कारखान्यांना संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी आयात मालावर जबर जकात ठेवली. त्यामुळे शेतकऱ्याला लागणारी अवजारेही महागतात, असे टीकाकार म्हणत. कारखाने टिकले तर वाढत्या लोकसंख्येला काम मिळेल, असे मॅकयुएन यांचे मत होते. वर्गात दोन्ही बाजू मांडाव्या. चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे.

अध्यापनासाठी सूचना : नकाशावर ऑस्ट्रेलिया, जपान व ब्रिटन दाखवून मालवाहतुकीची अंतरे ताडून पाहावी. गावात दूध संस्था असल्यास तेथील भाव कसा ठरतो, याची माहिती मुलांकडून मिळवून घ्यावी. ज्या मुलाला घरच्या अडचणीमुळे शाळा सोडावी लागत असेल, त्याला हे चरित्र अवश्य सांगावे. मात्र शाळा सोडूनही मोठे होता येते, असा त्याचा अर्थ त्याने घेऊ नये. शिक्षणाची वाट पुन्हा धरता येते, हा अर्थ त्याच्या मनावर ठसवावा.