अकाली वयात येणारे मूल : पालकांनी काय जाणावे?

मुलगी वयात आली की मराठवाड्यातील घरांत ती ‘शहाणी झाली’ असे म्हटले जाते. या शब्दांमागे कौतुक आहे, तशी एक समजूतही आहे. शरीर बदलले की शहाणपण आले, ही ती समजूत होय. तेरा वर्षांच्या मुलीबाबतही ती पुरती खरी ठरत नाही. मग दुसरी-तिसरीत शिकणाऱ्या सात वर्षांच्या बालिकेत हे बदल दिसू लागले तर तिला कोणत्या अर्थाने शहाणी म्हणावे? कंधारसारख्या ग्रामीण तालुक्यात अशा मुलीच्या आईवडिलांपुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. एक आरोग्याचा आणि दुसरा तिच्या बालपणाचा. दोहोंचा विचार शांतपणे व वेळेवर होणे अगत्याचे आहे.

अकाली म्हणजे केव्हा?

सामान्यतः मुलींमध्ये यौवनाची पहिली खूण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान दिसते आणि मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान. मुलीमध्ये ८ वर्षांपूर्वी आणि मुलामध्ये ९ वर्षांपूर्वी ही चिन्हे दिसल्यास त्यास अकाली यौवनारंभ म्हणतात. मुलीत छातीची वाढ ही बहुधा पहिली खूण असते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते. मुलात वृषणांचा आकार वाढणे ही पहिली खूण होय. आवाज फुटणे व मिसरूड येणे हे त्यामागून येते. चार वर्षांनंतर मूल दरवर्षी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. एखादे मूल याहून बरेच झपाट्याने उंच होऊ लागले तर तिकडेही लक्ष द्यावे. भिंतीवर तारखेसह उंचीची रेघ ओढून ठेवण्याची साधी सवय येथे फार उपयोगी पडते.

मात्र प्रत्येक खूण म्हणजे यौवनारंभ नव्हे. दोन-तीन वर्षांच्या आतील बालिकेत केवळ छातीला थोडा फुगवटा येतो आणि पुष्कळदा तो आपोआप ओसरतो. खरा प्रकार कोणता, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

शरीरात काय घडते?

मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग योग्य वेळी पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो. ती ग्रंथी मुलीच्या अंडाशयांना किंवा मुलाच्या वृषणांना जागे करते आणि त्यांच्या संप्रेरकांमुळे शरीरात बदल होतात. हा संदेश वेळेआधी सुटला की यौवनही वेळेआधी सुरू होते. बहुसंख्य मुलींमध्ये याचे कोणतेही वेगळे कारण सापडत नाही. मुलांमध्ये मात्र मेंदूतील गाठ किंवा अन्य विकार असण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. म्हणून ‘मुलगा लवकर मर्द झाला’ म्हणून हसण्यावारी नेणे धोक्याचे आहे. अधिवृक्क ग्रंथींचे विकार आणि दीर्घकाळ उपचाराविना राहिलेली अवटू ग्रंथीची मंदता ही आणखी काही कारणे आहेत. लठ्ठ मुलींमध्ये यौवन लवकर सुरू होण्याकडे कल दिसतो. बाहेरची बाधा, नजर किंवा मुलीचे वागणे यांचा या घटनेशी काहीही संबंध नाही.

उंचीचा हिशेबही पालकांनी समजून घ्यावा. संप्रेरकांमुळे हाडे आरंभी वेगाने वाढतात, पण त्यांची वाढणारी टोके लवकर जुळून जातात. त्यामुळे वर्गात आज सर्वांत उंच असलेले मूल पुढे ठेंगणे राहू शकते.

तपासणी व उपचार

प्रथम गावच्या आशा कार्यकर्तीशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात. त्यांनाही ही गोष्ट सांगता येते. पुढील तपासणीसाठी नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय कळते. रक्तातील संप्रेरके मोजली जातात. गरजेनुसार पोटाची सोनोग्राफी व मेंदूचे चित्रण होते.

प्रत्येक मुलाला औषध लागतेच असे नाही. बदल संथ असतील तर काही महिन्यांच्या अंतराने पाहणी पुरते. ते वेगाने होत असल्यास पीयूषिका ग्रंथीला मिळणारा संदेश थोपविणारी इंजेक्शने महिन्याला किंवा तीन महिन्यांना दिली जातात. हे उपचार १९८०च्या दशकापासून जगभर रुळले आहेत. योग्य वयात ती थांबविली की यौवन पुन्हा आपल्या क्रमाने सुरू होते. त्यांत खंड पडू देता कामा नये. या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. अशा कुटुंबाने निघण्यापूर्वी पुढच्या इंजेक्शनची तारीख व ठिकाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि केसपेपर सोबत ठेवावेत.

वय जन्मतारखेवरून मोजावे

शरीराची खूण हेच वय मानण्याची चूक जुनी आहे. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदण्यास नकार दिला आणि १८८४ साली त्यांच्यावर मुंबईत खटला झाला. पुढे त्या डॉक्टर झाल्या. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा १० वरून १२ वर्षे केली, तेव्हा विरोधकांचा एक प्रमुख आक्षेप असा होता की, काही मुलींना बारा वर्षांपूर्वीच न्हाण येते व मग गर्भाधानाचा विधी चुकतो. म्हणजे जी मुलगी सर्वांत लवकर वाढली, तिलाच सर्वांत कमी संरक्षण मिळावे, असा त्या युक्तिवादाचा अर्थ होता. कंधार त्या वेळी निजामाच्या राज्यात होते व हा कायदा येथे लागू नव्हता.

आज येथे २००६चा बालविवाह प्रतिबंध कायदा लागू आहे. मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण झाल्याखेरीज विवाह करता येत नाही आणि हे वय जन्मतारखेवरूनच मोजले जाते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. ‘पोरगी थोराड दिसते’ हे वाक्य अशा लग्नांच्या वाटेवरचे पहिले पाऊल ठरू शकते. लहान मुलाशी होणाऱ्या लैंगिक गैरवर्तनाविरुद्ध २०१२चा पॉक्सो कायदा आहे आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

घरात आणि शाळेत

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. आठव्या वर्षी पाळी आलेली मुलगी या वयोगटात बसत नाही. म्हणून तिला पहिली माहिती आईनेच द्यावी, आणि ती रक्त दिसण्यापूर्वी द्यावी. ‘तुझे शरीर जरा लवकर वाढते आहे, यात तुझे काही चुकले नाही, आपण डॉक्टरांना विचारले आहे’, एवढे बोलणे आठ वर्षांच्या मुलीला पुरेसे कळते. आपल्या अंगाला कोणी नकोसा हात लावल्यास लगेच सांगावे, हेही तिला समजवावे. आजीने तिला बाजूला बसविण्याचा किंवा गावभर ओटी भरण्याचा आग्रह धरल्यास वडिलांनी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.

वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्यावे. दप्तरात पॅड किंवा स्वच्छ कापड व एक जादा कपडा ठेवावा. मुलगी मोठी दिसते म्हणून धाकट्याला सांभाळण्यासाठी तिची शाळा बुडवू नये. तिचे खेळ, तिचे रुसणे व तिच्या चुका तिच्या खऱ्या वयाच्याच राहू द्याव्यात. मुलाच्या बाबतीतही हेच. त्याचा आवाज फुटला म्हणून त्याच्याकडून प्रौढाची समज मागणे अन्यायाचे आहे.

भाई केशवराव धोंडगे यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थांनी कंधारच्या खेड्यापाड्यांतील मुलांना शाळेची वाट दाखविली. शरीर चार वर्षे आधी वाढले म्हणून त्या वाटेवरून एकाही मुलीला परत फिरावे लागू नये, हे पाहणे तिच्या आईवडिलांच्या हाती आहे.