चार पोत्यांतील गाडी

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या दक्षिणेस, वडनेर नावाचे गाव आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. त्या महामार्गालगत माझ्या मामांचे दुरुस्तीचे एक लहानसे दुकान होते. शेतकऱ्यांची इंजिने, पाण्याचे पंप, फवारणीचे पंप असे काही ना काही तेथे नेहमी उघडून ठेवलेले असे. शाळेला सुट्टी लागली, की मी वडनेरला जाई आणि दिवसभर त्या दुकानातच रमून जाई.

मी सातवीत गेलो, त्या वर्षीची ही गोष्ट. वैशाखातील एका सकाळी दुकानासमोर एक बैलगाडी येऊन उभी राहिली. तीत चार पोती आणि पत्र्याचा एक मोठा सांगाडा होता. सांगाड्याचा रंग उडाला होता, जागोजागी गंज चढला होता. पण पुढच्या बाजूस ‘वेस्पा’ ही अक्षरे अजून वाचता येत होती.

ती स्कूटर गावातील एका वृद्ध गुरुजींची होती. तरुणपणी पै पै साठवून त्यांनी ती घेतली होती आणि तिच्यावरून ते आसपासच्या खेड्यांतील शाळांवर जात असत. पुढे एकदा ती बंद पडली. गुरुजींनी ती स्वतःच दुरुस्त करावी म्हणून उघडली. परंतु त्याच सुमारास त्यांना कंपवाताचा विकार जडला. थरथरत्या हातांनी बारीक स्क्रू कसे बसणार? सुटे केलेले भाग पोत्यांत गेले आणि पोती माळ्यावर गेली. मामांनी ती गाडी त्याच स्थितीत विकत घेतली. घेण्यापूर्वी त्यांनी सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. पैसे हाती घेताना गुरुजी म्हणाले, “माझी एकच विनंती आहे. गाडी सुरू झाली, की तिचा आवाज एकदा मला ऐकवा.”

पोती अंगणात रिकामी केली, तेव्हा मी थक्कच झालो. दट्ट्या, दाते, तारा, स्प्रिंगा, वायसर, नट यांचा एक ढीगच पडला होता! मामांनी मला एक कोरी वही दिली आणि ते म्हणाले, “भाचेबुवा, यंत्र उघडणे सोपे असते, जोडायला आठवण लागते. गुरुजींची आठवण आता त्यांच्या बोटांत राहिलेली नाही. तेव्हा आपली आठवण आपण या वहीत ठेवू. प्रत्येक भागाची नोंद कर. साफ झाला, की लिही. बसवला, की लिही.”

त्या उन्हाळ्यात आम्ही एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशाने घासला. दट्ट्या सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसला होता. मी हातोडी उचलली, तसे मामांनी माझा हात धरला. त्यांनी सिलिंडरमध्ये तेल ओतले आणि चार दिवस त्याला हातही लावला नाही. पाचव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकताच दट्ट्या सुटला. क्लचमधील बुचाच्या प्लेटा झिजल्या होत्या. नव्या आणून त्या बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजत ठेवल्या.

काम करता करता मामा त्या गाडीची हकीकत सांगत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इटलीतील पिआज्जो कंपनी विमाने तयार करीत असे. युद्धात तिचा पोंतेदेरा येथील कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले, आता लोकांना विमानांची नव्हे, तर स्वस्त आणि साध्या वाहनाची गरज होती. एन्रिको पिआज्जो यांनी हे काम कोर्रादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याकडे सोपवले. गंमत अशी, की दास्कानिओ यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर बसायला पाय टाकावा लागतो, साखळीच्या तेलाने कपडे मळतात, आणि चाक पंक्चर झाले तर काढणे कठीण जाते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी साखळीच काढून टाकली आणि इंजिन मागच्या चाकाशेजारी बसवले. गिअर हाताच्या मुठीत आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. वेगळा सांगाडा न ठेवता पत्र्याच्या अंगालाच सांगाडा केले. १९४६ साली ही गाडी जन्मास आली. मागे फुगीर, मध्ये बारीक असा तिचा आकार पाहून पिआज्जो उद्गारले, “ही तर गांधीलमाशीसारखी दिसते!” इटालियन भाषेत गांधीलमाशीला ‘वेस्पा’ म्हणतात. तेच तिचे नाव झाले.

“आणि ती आपल्याकडे कशी आली?” मी विचारले.

“तिचा धागा आपल्या वर्ध्यापर्यंत येतो,” मामा म्हणाले. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना दत्तक घेतले होते. गांधीजींना वर्ध्याला आणणारे जमनालालजी ते हेच. त्यांच्या मागे, १९४५ साली, बजाज कुटुंबाने ‘बच्छराज’ या नावानेच एक व्यापारी कंपनी काढली. ही कंपनी १९४८ पासून परदेशी दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. १९५९ साली तिला ती वाहने येथेच तयार करण्याचा परवाना मिळाला. पुढे पिआज्जोशी करार होऊन बजाज ऑटोच्या पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्यात वेस्पा तयार होऊ लागल्या. हा करार १९७१ साली संपला. त्यानंतर ‘चेतक’ आली. तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले होते. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा वडनेरला गेलो, तेव्हा सांगाड्याचा पत्रा सरळ होऊन त्यावर फिकट हिरवा रंग चढला होता. जुळणीचेच काय ते काम उरले होते. एक नवी बातमीही होती. गुरुजींची प्रकृती खालावली होती. तुळशीचे लग्न आटोपले, की त्यांचे चिरंजीव त्यांना कायमचे नागपूरला नेणार होते. हाती जेमतेम आठ दिवस उरले होते.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही मॅग्नेट बसवीत होतो. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर फिरणारे एक जड चाक. त्याच्या आत लोहचुंबक असतात. ते फिरले, की वीज निर्माण होते. त्याच्या मध्यभागी एक उंचवटा असतो. तो नेमक्या क्षणी विजेचा मार्ग तोडतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ही ठिणगी पडली पाहिजे. म्हणून मॅग्नेट दांड्यावर एकाच जागी बसावे लागते. ती जागा दाखवते एक चंद्रकोरीसारखी लोखंडी चावी. ती नखाएवढी असते.

इतक्यात एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला. “मी येईपर्यंत हात लावू नकोस,” असे सांगून मामा उठले. मला धीर धरवला नाही. मी चावी खाचेत ठेवली आणि मॅग्नेट उचलून दांड्यावर सरकवू लागलो. तोच हात हलला. पाहतो तो चावी नाहीशी! मी भुईवरची माती चाळून काढली, चावी सापडेना. मामांच्या पावलांचा आवाज आला. मी घाईघाईने मॅग्नेट तसेच बसवले, नट आवळला आणि वहीत लिहिले : ‘चावी : बसवली.’

मामांनी वहीकडे पाहिले. “न सांगता केलेस खरे, पण केलेस,” असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला निखाऱ्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकीत ओतले. मामांनी किक मारली. गाडी सुरू होईना. त्यांनी प्लग काढून पाहिला. ठिणगी पडत होती. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. पेट्रोलही नीट येत होते. पुन्हा किक मारली, तर ती उलटून मामांच्या घोट्यावर आदळली आणि नळीतून मोठा बार निघाला. ते लंगडत खाली बसले. “ठिणगी वेळेवर पडत नसावी,” ते पुटपुटले. मग त्यांनी वही उघडली. “छे! चावी तर बसवली आहे. दोष दुसरीकडे असणार.”

असे तीन दिवस गेले. मामा रात्री कंदिलासारखा एक दिवा टांगून इंजिनाचा एकेक भाग पुन्हा तपासत. मामी त्यांच्या सुजलेल्या घोट्यावर हळदीचा लेप लावीत. मी मात्र जवळ बसून हवे ते हत्यार पुढे करी आणि गप्प राही. मामांचा गाडीवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास वहीवर होता, आणि तीच वही त्यांना फसवीत होती.

तिसऱ्या रात्री मला झोप येईना. मी उठून दुकानात गेलो. “मामा,” मी म्हणालो, “चावी बसवलेली नाही. ती माझ्या हातून हरवली. वहीत मी खोटे लिहिले.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पाना उचलला आणि मॅग्नेट सोडवून माझ्या हाती दिले. “नीट पाहा,” ते म्हणाले. मी दिवा जवळ नेला. आत, चुंबकाशेजारच्या एका बेचक्यात, ती चंद्रकोर चिकटून बसली होती! मी मातीत शोधीत होतो आणि चुंबकाने ती आपल्याच पोटात ओढून घेतली होती.

“गाडी सुरू झाली असती,” मामा म्हणाले, “तर हिने आतल्या तारांच्या चिंध्या केल्या असत्या. चावी हरवते, पोरा; माझ्याही हातून हरवल्या आहेत. पण वहीत खोटे लिहिलेस, तर मी कशाच्या आधारे जोडू?” त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिले : ‘वरील नोंद खोटी आहे. चावी आज बसवली.’

पहाटे मामांनी किक मारली. पहिली गेली, दुसरी गेली. तिसऱ्या किकेला गाडीने निळसर धुराचा लोट सोडला आणि फटफट करीत ती बोलू लागली. मामी हात पुसत बाहेर धावत आल्या.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आम्ही गाडी गुरुजींच्या दारी नेली. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकताच त्यांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात हवेतच, गिअरची मूठ धरल्यासारखा झाला. मग हसून त्यांनी डावा हात उचलला. वेस्पाचा गिअर डावीकडे असतो, हे त्यांना आठवले होते.

मग त्यांनी वही मागितली. एकेक पान ते सावकाश वाचीत गेले. त्या दोन ओळींपाशी ते थांबले. माझे तोंड उतरले. गुरुजींनी खिशातून तांबड्या शाईचे पेन काढले आणि थरथरत्या हाताने दुसऱ्या ओळीपुढे ‘बरोबर’ची खूण केली. पहिल्या ओळीला मात्र त्यांनी काहीच केले नाही.

ती वही आजही गाडीच्या डिकीत आहे.

स्वाध्याय

१. गुरुजींनी आपली गाडी सुटी का केली आणि ती पुन्हा का जोडली गेली नाही?
२. दास्कानिओ यांना मोटारसायकलीत कोणते दोष दिसत? ते दूर करण्यासाठी त्यांनी काय केले?
३. वेस्पाचा धागा वर्ध्यापर्यंत कसा येतो, ते सांगा.
४. प्लगमध्ये ठिणगी पडत असूनही गाडी सुरू का होत नव्हती?
५. “पण वहीत खोटे लिहिलेस, तर मी कशाच्या आधारे जोडू?” या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
६. लेखकाने खोटी ओळ खोडली का नसावी? तुम्ही काय केले असते?
७. वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, तोंड उतरणे, पै पै साठवणे, हात न लावणे.
८. तुमच्या घरातील एखादी जुनी सायकल, शिलाईयंत्र किंवा घड्याळ यांची हकीकत मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.